टीव्हीवरच्या विनोदाचा महोत्सव भरवायलाच हवा

जुना अँटेना (धागा काढणारा):

परवा ‘गॉलवेहून’ यांनी इथे आयर्लंडमधल्या टेडफेस्टचे दोन फोटो टाकले. ‘फादर टेड’ नावाच्या जुन्या विनोदी मालिकेसाठी तिथे एका बेटावर दरवर्षी जत्रा भरते, लोक पाद्र्यांचे झगे घालून हिंडतात. आपल्याकडे असं काही का होत नाही, एवढंच त्यांनी विचारलं होतं. त्यावर ‘कोथरूड वाचक’ यांनी लिहिलं, ‘टीव्हीवरचा विनोद म्हणजे वाङ्मय नव्हे, संध्याकाळची भेळ. खाल्ली, कागद चुरगळला, फेकला. कागदाचा कोणी महोत्सव करतं का?’ खाली अंगठे पडले आणि चर्चा तिथेच मिटली. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य दोन दिवस गेलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या मजल्यावर पहिला टीव्ही त्यानंतर तीन वर्षांनी आला, तोही एकाच खोलीत. पोरं पुढे, बायका मागे, पुरुष दारात उभे. विनायक चासकरांचा ‘गजरा’ तिथे पाहिला. याकूब सईद आणि बबन प्रभूंचा ‘हास परिहास’ तिथेच पाहिला. ‘चिमणराव’ असायचा त्या संध्याकाळी जिन्यात चिटपाखरू नसायचं. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. दिवसभर मागांच्या खडखडाटात राहून घरी मोजके चार शब्द बोलणारा माणूस. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव घाबरून बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊकडे बघायला लागला की वडील चौकट धरून हसायचे. त्यांचं मोठ्याने हसणं मी त्या परक्या दारातच ऐकलं, आमच्या खोलीत कधीच नाही. पुढे १९८२ चा संप झाला आणि ते दारही सुटलं.

हा माझा भेळेचा कागद. मी तो फेकलेला नाही.

आता वाङ्मयाचं. चि. वि. जोशींचा चिमणराव पुस्तकात होता तोवर तो वाङ्मय, आणि पडद्यावर आला की भेळ? ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ प्रभावळकरांच्या वर्तमानपत्रातल्या सदरातून आले, त्याचं पुस्तक झालं, मग केदार शिंदेंनी मालिका केली. यातल्या कोणत्या टप्प्यावर त्याचा दर्जा घसरला, ते सांगा. दिल्लीत १९५९ साली टीव्ही नुकता सुरू झाला होता, त्या सुरुवातीच्या दिवसांत पु. ल. देशपांडे तिथे निर्माते म्हणून काम करत होते. त्यांना हे माध्यम हलकं वाटलं नव्हतं.

सवाई गंधर्वला आपण डिसेंबरच्या थंडीत शाल पांघरून बसतो, पिफच्या सिनेमांना रांगा लावतो, साहित्य संमेलनात पुस्तकांच्या गाळ्यांमधून पाय दुखेपर्यंत फिरतो. टीव्हीवरच्या विनोदाला तीन दिवस द्यायला काय हरकत आहे? जुने भाग मोठ्या पडद्यावर दाखवा. लिहिणाऱ्यांना, दिग्दर्शकांना, वेशभूषा करणाऱ्यांना, संकलकांना समोर बसवा. एक स्किट कोऱ्या कागदापासून उभं कसं राहतं ते लोकांसमोर करून दाखवा.

आणि एक करून बघा. ‘चला हवा येऊ द्या’ किंवा ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधल्या दहा नटांची नावं सांगा. झाली? आता नट नसलेल्या तीन लेखकांची सांगा.

कोथरूड वाचक:

माझं वाक्य तुम्ही उद्धृत केलंत, म्हणून उत्तर देणं भाग आहे. तुमच्या वडिलांबद्दल वाचून मन हललं, पण तो युक्तिवाद नाही. त्या दारात चाळ होती, सोबत होती, दुसरं काही बघायला नव्हतं. ते हसणं चाळीचंही होतं.

तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं कागदावरून आलेली आहेत. म्हणजे टिकलं ते आधी कुणीतरी सावकाश लिहिलेलं होतं. आठवड्याला चार भाग काढायचे, मंगळवारी हशा नाही आला तर गुरुवारी आवाज वाढवायचा, त्यात कला कुठे शोधायची? विनोदी लेख आवडला तर मी तो दहा वर्षांनी पुन्हा काढून वाचतो. दहा वर्षांपूर्वीचं स्किट तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? त्यातला अर्धा विनोद त्या आठवड्यात आलेल्या सिनेमावर असतो, तो सिनेमाही आता कुणाला आठवत नाही.

आणि महोत्सव आपल्याकडे कसे होतात ते मी जवळून पाहिलंय. एका उपनगरातल्या नाट्यमहोत्सवात मी सहा वर्षं स्वयंसेवक होतो. पहिला दीड तास सत्कार. पाहुणे उशिरा. प्रायोजकाचा फलक रंगमंचापेक्षा मोठा. ज्या ज्येष्ठ लेखकाच्या नावाने संध्याकाळ होती, त्यांना बाराव्या रांगेत बसवलं होतं, कारण पुढच्या रांगा प्रायोजकाच्या पाहुण्यांना दिल्या होत्या. मी माझी खुर्ची त्यांना देऊ केली तर म्हणाले, ‘असू द्या, इथून बाहेर पडायला सोपं.’ त्यानंतर मी ते काम सोडलं. तुमच्या महोत्सवात वाहिन्या घुसतील, पुढच्या पर्वाची जाहिरात करतील आणि तुमचे तीन लेखक बाराव्या रांगेत असतील.

गॉलवेहून:

माझ्या दोन फोटोंवरून एवढं होईल असं वाटलं नव्हतं. मग नीट सांगते.

‘फादर टेड’चे एकूण भाग २५. १९९५ ते १९९८, तीन पर्वं आणि एक नाताळचा खास भाग. टेडचं काम करणारा डर्मट मॉर्गन शेवटच्या पर्वाचं चित्रीकरण संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गेला. म्हणजे मालिका संपून पंचवीसहून जास्त वर्षं झाली. टेडफेस्ट २००७ मध्ये सुरू झाला, इनिश मोर या बेटावर. मालिकेतलं बेट काल्पनिक आहे. ते बेट आम्हीच, असं शेजारचं इनिश ईरही म्हणत होतं, कारण सुरुवातीच्या दृश्यात दिसणारं फुटकं जहाज त्यांच्या किनाऱ्यावर आहे. मग दोन्ही बेटांनी फुटबॉलचा सामना खेळून तो वाद मिटवला! आपल्याकडे दोन गावांत पालखीच्या मानावरून जसं होतं, तसंच.

मी दोन वर्षांपूर्वी गेले. बोटीत माझ्याशेजारी सत्तरीचे एक आजोबा पाद्र्याच्या वेषात, हातात सँडविचचा डबा, सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होते, कारण मालिकेतली मिसेस डॉइल तसा चहाचा आग्रह करते. एक सत्कार नाही, एक भाषण नाही. हिवाळ्याच्या शेवटी बेटावर पर्यटक नसतात, तेव्हाच हा उत्सव असतो, त्यामुळे खानावळीवाल्यांच्या हातात चार पैसे येतात. कोथरूड वाचक, दहा वर्षांनी कोण बघतं म्हणालात ना? त्या बोटीत मालिका संपल्यावर जन्मलेली पोरं होती आणि त्यांना संवाद पाठ होते.

कराडची शिक्षिका:

महोत्सवाला माझा विरोध आहे, पण कोथरूडकरांच्या कारणासाठी नाही.

नववीच्या माझ्या वर्गात एक मुलगी आहे. अंगाने भरलेली, आवाज गोड, पेटीवर छान बोटं चालतात. एका कार्यक्रमातल्या जाड बाईच्या पात्राचं नाव मुलांनी तिला चिकटवलं. ते पात्र कोण करतं? साडी नेसलेला, पोटाला उशी बांधलेला पुरुष. त्याला बघून परीक्षक खुर्चीवरून पडेपर्यंत हसतात. यंदा त्या मुलीने गॅदरिंगला नाव दिलं नाही. मी घरी गेले तर तिची आई म्हणाली, ‘बाई, ती आता आरशासमोर पण उभी राहत नाही.’

बालगंधर्वांचं नाव कृपा करून कोणी काढू नका. ते स्त्रीचं सौंदर्य उभं करत होते. हे स्त्रीचं शरीर हास्यास्पद करतात. विनोद करणाऱ्या इतक्या गुणी बाया आज याच कार्यक्रमांत आहेत, मग बाईचं काम करायला पुरुष कशाला लागतो? मोठ्या पडद्यावर जुने भाग लावाल तेव्हा हेही लावणार का? रंगावरचे, वजनावरचे, बायकोवरचे?

खोटं हसू नको:

मला एकच सांगायचंय. पन्नासच्या दशकात अमेरिकेत चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने रेकॉर्ड केलेल्या हशांचं एक यंत्र बनवलं. कळ दाबली की खसखस, दुसरी दाबली की गडगडाट. तेव्हापासून प्रेक्षकाला कधी हसायचं ते सांगितलं जातंय. आपल्याकडे यंत्राच्या जागी माणसं बसवलीत. पंच पडायच्या आधीच कॅमेरा हसणाऱ्या चेहऱ्यावर जातो. महोत्सव करा, पण एक भाग हशा काढून दाखवा. जो तसाही हसवेल तो खरा.

अमरावतीकर:

बाई साडीबद्दल बोलल्या, मी जिभेबद्दल बोलतो. कोणी बोलत नाही म्हणून.

टीव्हीवरच्या स्किटमध्ये वऱ्हाडी माणूस येतो तो वॉचमन, हवालदार, गावावरून आलेला मामा किंवा ज्याला काही समजत नाही असा नोकर. त्याने तोंड उघडलं, ‘काय करून राहिला बे’ म्हटलं, की हशा. विनोद झालेलाच नसतो, फक्त क्रियापद झालेलं असतं! आमचं क्रियापद तुमचा पंच आहे.

२०१५ मध्ये मी पुण्यात इंजिनिअरिंगला आलो. पहिल्या आठवड्यात प्रेझेंटेशन होतं, विषय पंपाची कार्यक्षमता. मी ‘हे पाणी वरती चढून राहिलं’ म्हटलं आणि वर्ग फुटला. नंतर चार वर्षं कुठेही भेटलं की ‘ए, ते चढून राहिलं म्हण ना’. वाईट मुलं नव्हती, मित्रच होते माझे. टीव्हीवर पाहायचे तेच माझ्याकडून मागायचे. मी दोन महिन्यांत प्रमाण मराठी शिकलो, पक्की. मग एका रात्री बाबांचा फोन आला. मी बोललो, ते गप्प झाले. म्हणाले, ‘कोनासमोर बसून बोलून राहिला रे तू?’ खोलीत मी एकटा होतो.

आता सांगा, या विनोदाचा उत्सव मी साजरा करू?

ठाणे लोकल:

दादा, एवढं मनाला लावून घ्यायचं तर बघू नका ना. रिमोट तुमच्याच हातात आहे. कोल्हापुरी, मालवणी, आगरी, अहिराणी, सगळ्यांवर विनोद होतात. पुणेकरांवर तर इतके होतात की मोजदाद नाही. ते रडतात का? आणि भारत गणेशपुरे तुमच्याच अमरावतीचे. त्यांनी वऱ्हाडी घराघरांत नेली. त्यांचं नाव घ्यायला विसरलात.

अमरावतीकर:

विसरलो नाही, मुद्दाम ठेवलं होतं. गणेशपुरे स्वतःची बोली स्वतःच्या तोंडाने बोलतात, समोरच्याला गुंडाळून ठेवतात, तिथे वऱ्हाडी माणूस हुशार असतो. त्यांचं यश बघून बाकीच्यांनी काय घेतलं? फक्त ‘राहिला’ घेतलं. आणि रिमोट माझ्या हातात होता, वर्गातल्या साठ जणांच्या हातातला नव्हता. पुणेकरावरच्या विनोदात पुणेकर खडूस असतो, पण शहाणा असतो. त्या विनोदाने कोणाची नोकरीची मुलाखत गेली आहे का? माझ्या चुलतभावाची गेली. मुलाखत घेणारा हसला आणि म्हणाला, ‘तुम्ही टीव्हीवर का नाही जात?’ रडायचं की नाही ते तुम्ही ठाण्यात बसून ठरवू नका.

देवगडचो झील:

अमरावतीकर, राग समजला, पण माझा अनुभव उलटा आहे. माझे आजोबा परळला खोलीत भाड्याने राहायचे, बाहेर मालवणी बोलायची लाज वाटायची त्यांना. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी मुख्य रंगभूमीवर आणली, हशा वसूल केला, आणि त्याच हशाने आमची लाज गेली. आजोबा लोकलमध्ये मोठ्याने ‘काय रे झिला, कधी इलंस?’ म्हणायला लागले ते त्यानंतर. विनोद बोलीला मारत नाही, जगवतो. सभ्य मालिकांमध्ये मालवणी कुठे आहे? भुताच्या गोष्टीत आणि विनोदात. विनोदातूनही काढून टाकली तर उरेल काय?

अमरावतीकर:

झील, तुमच्या आजोबांचं खरं आहे आणि माझंही खरं आहे. फरक कुठे आहे बघा. कांबळींच्या नाटकात सगळे मालवणी बोलतात. शहाणा मालवणी, मूर्खही मालवणी, चोरही मालवणी. बोली तिथली हवा असते. टीव्हीच्या स्किटमध्ये सहा जण प्रमाण बोलतात आणि एकटा वऱ्हाडी. सहा जणांच्या मध्ये उभा केलेला तो एकटा म्हणजेच विनोद. असा फरक असतो.

कोथरूड वाचक:

हा शेवटचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. इथे वर्षभरात वाचलेलं विनोदावरचं हे सर्वात नेमकं निरीक्षण आहे. मान्य करतो. पण त्याने माझाच मुद्दा बळकट होतो: घाईत लिहिलेला विनोद असाच होणार.

स्किटवाला:

गेले चार दिवस वाचतोय. मी तेरा वर्षं टीव्हीसाठी विनोद लिहितो. कोणासाठी ते सांगत नाही, अजून घर चालवायचंय.

सात मिनिटांचं स्किट. रविवारी रात्री विषय ठरतो. सोमवारी दुपारी वाचन. वाचनाला नट हसले नाहीत तर संध्याकाळपर्यंत दुसरं. मंगळवारी उभं करायचं, बुधवारी फ्लोअरवर. एका दिवसात दोन-तीन भाग निघतात. शेवटचं स्किट रात्री दीडला होतं, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या माणसांचेही डोळे मिटत असतात. कोथरूडकर, याला तुम्ही घाई म्हणता, बरोबर आहे. पण रात्री दीडला, दमलेल्या दोनशे माणसांना, एका शब्दाची जागा बदलून हसवणं हे कसब आहे. ‘आला’ आधी की ‘शेवटी’ आधी, एवढ्याने हशा पडतो किंवा जातो. मी एकदा एका वाक्यातला ‘पण’ काढून टाकला आणि मेलेलं स्किट उठलं. ते कोणाला सांगणार? ते बघायला बोलवणारा महोत्सव मला हवाय.

नावाचं म्हणाल तर, शेवटी नावं सरकतात ती पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, अर्ध्या आकारात, आणि उजवीकडे उद्याच्या भागाची झलक. माझ्या आईने आठ वर्षं ती पट्टी थांबवून माझं नाव शोधलं. तीनदा सापडलं. एका कार्यक्रमात माझं स्किट गाजलं, नटाला बक्षीस मिळालं, मंचावर त्याने दिग्दर्शकाचे, आईवडिलांचे, प्रेक्षकांचे आभार मानले. तो माझा मित्र आहे, विसरला. २०१२ मध्ये कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली, लेखकाचा रॉयल्टीचा हक्क मान्य झाला. माझ्या हातात आलेल्या प्रत्येक करारात मात्र ‘सर्व हक्क कायमचे’ हेच लिहिलेलं असतं. ती स्किटं आज मोबाईलवर लाखो लोक बघतात. मला त्याचा एक रुपया येत नाही.

जुना अँटेना यांनी तीन लेखकांची नावं विचारली. चार दिवसांत एकानेही दिली नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं का? मी देतो. अरविंद जगताप. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्रं वाचायचे, ती जगतापांची. ती कागदावरून टीव्हीवर आली नव्हती, टीव्हीसाठीच लिहिलेली होती. विनोदाच्या मंचावर माणसं रडली. कोथरूडकर, तुमच्या ‘आधी कागद’ला हे उत्तर. आणि ‘हास्यजत्रे’मागे सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी आहेत. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर नुसते नट नाहीत, लिहितातही.

आता अमरावतीकर. तुमचा अपराधी मीच आहे. मीही वऱ्हाडी वॉचमन लिहिलाय, मी सांगलीचा असून. प्रत्येक वाक्यात ‘राहिला’ घातलं. सात मिनिटांत पात्र उभं करायचं असतं, बोली ही सर्वात जवळची शिडी असते, हे कारण झालं, समर्थन नाही. यवतमाळचा एक पोरगा ते काम करत होता. वाचन झाल्यावर बाजूला घेऊन म्हणाला, ‘सर, आमच्याकडं असं म्हनत नाही. पन तुमाले असंच पायजे असंन तर करतो.’ मी म्हटलं, आजचा दिवस असंच जाऊ दे. त्याने केलं, हशा पडला. ते ‘तुमाले असंच पायजे असंन तर’ मला आजही टोचतं.

कराडची शिक्षिका:

तुमचं वाचून वाईट वाटलं. पण माझ्या प्रश्नाला पुन्हा कोणी हात लावला नाही. क्रियापदावर वीस प्रतिसाद, साडीवर शून्य.

स्किटवाला:

बाई, लावतो. पुरुषाला साडी नेसवली की तो रंगमंचावर येताच हशा असतो, पहिलं वाक्य लिहायचीही गरज पडत नाही. लेखकाचा आळस असतो तो. आमच्या तमाशात, भारुडात सोंगं होती, पण तिथे सोंग घेतलेला माणूस काही बोलत होता, मोठ्यांचं काढत होता. नुसती उशी बांधून उभं राहण्यात तसलं काही नाही. तुमच्या विद्यार्थिनीची माफी मागायची माझी तयारी आहे, तिला त्याचा काही उपयोग असेल तर.

जुना अँटेना:

बाईंनी विचारलं होतं, जुने भाग लावाल तेव्हा हेही लावणार का. माझं मत, लावायचे. लावून त्यावर बोलायचं. झाकून ठेवलेलं सुधारत नाही.

पण लावायला ते असले पाहिजेत ना! बीबीसीने त्या काळी महागड्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. ‘डॅड्स आर्मी’सारख्या लाडक्या मालिकेच्या १९६९ च्या दुसऱ्या पर्वातले तीन भाग अजून सापडलेले नाहीत. उलट १९५१ मध्ये ‘आय लव्ह लूसी’ करणाऱ्यांनी हट्ट धरला की समोर खरे प्रेक्षक बसवायचे आणि तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवरच चित्रित करायचं. खर्च वाढला. पण म्हणूनच ती आजही लख्ख दिसते आणि तिची नायिका लूसिल बॉल हिच्या अमेरिकेतल्या जेम्सटाउन गावात दरवर्षी तिच्या नावाने विनोदाचा महोत्सव भरतो. २०१८ पासून तिथे विनोदाचं मोठं संग्रहालयही आहे.

माझ्या नातवाला चिमणराव दाखवायचा म्हणून मी एक अख्खी दुपार मोबाईलवर शोधत बसलो. हाती लागले मोजके तुकडे, आवाज खरखरणारे. त्याने अर्धा मिनिट पाहिलं आणि विचारलं, ‘आजोबा, याचा पुढचा भाग कुठाय?’ महोत्सवाचं नुसतं निमित्त. लोकांच्या माळ्यावर व्हीएचएसच्या कॅसेटी पडल्या आहेत, बुरशी खाऊन चालल्या आहेत. महोत्सवाच्या दारात एक टेबल टाका: कॅसेट आणा, आम्ही उतरवून देतो.

कोथरूड वाचक:

आमच्या माळ्यावर दोन आहेत. आईने टिपऱ्यांचे भाग रेकॉर्ड केले होते, वर तिच्या अक्षरात तारखा आहेत. कालच काढून पाहिल्या. यंत्र नाही, म्हणून नुसत्या पुसून ठेवल्या.

महोत्सवाबद्दल माझं मत फार बदललेलं नाही. टेबलाला मात्र मी हो म्हणतो. आणि अट एकच. पहिली रांग लिहिणाऱ्यांची. फलक त्यांच्यामागे, पुढे नाही.

अमरावतीकर:

मी अजून हो म्हणालो नाही. माझी पण अट आहे. एक संध्याकाळ अशी ठेवा की स्किटमध्ये सहा जण वऱ्हाडी बोलतील आणि एकच माणूस प्रमाण बोलेल. त्याने तोंड उघडलं की लोक कसे हसतात ते मला बघायचंय.

स्किटवाला:

ही कल्पना माझ्या तेरा वर्षांत मला सुचली नाही, याची लाज वाटते. पण ते मी लिहिणार नाही. तुम्ही लिहा, मी शेजारी बसतो. नाव तुमचं, पूर्ण पडद्यावर, थांबवून.

देवगडचो झील:

सहातला एक मालवणी ठेवा. वऱ्हाडातही आमचं कोणीतरी बँकेत बदलीवर असतंच.

कोथरूड वाचक:

त्या प्रमाण बोलणाऱ्या माणसाला खडूस दाखवू नका, एवढीच विनंती.

कराडची शिक्षिका:

आणि त्यात बाई असली, तर ते काम बाईलाच द्या.